उदास मन : बालपणापासून तारुण्यापर्यंत

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजात ठिकठिकाणी गुणवंतांचे सत्कार होतात. टक्केवारी टाळ्यांच्या गजरात वाचली जाते. ते योग्यच आहे. परंतु सातवीपर्यंत हुशार असलेला जो मुलगा या यादीत दिसला नाही, त्याचे काय झाले, याची विचारपूस आपण करतो काय? ‘वाया गेला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. अशा मुलांपैकी काहींचे मन आजारी असते. त्याकडे समाजबांधवांचे लक्ष वेधावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर होऊ शकते आणि त्याचा मार्ग आहे, अशी शिकवण तथागतांनी दिली. याच क्रमाने विचार करू.

प्रथम दुःख. नैराश्य म्हणजे एखाद्या दिवसाची नाराजी नव्हे. मन दोन आठवडे किंवा अधिक काळ सतत उदास राहते, खेळ व मित्र नकोसे होतात, झोप-भूक बिघडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, ‘मी कुचकामी आहे’ असे वाटू लागते. मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिडही दिसते.

एकदा पाहून हे पुरते उमगत नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१ व १९९२ साली जन्मलेल्या सुमारे १४,००० मुलांचा जन्माआधीपासून अभ्यास सुरू झाला. या मुलांना सुमारे दहाव्या वर्षापासून विशी ओलांडेपर्यंत पुन्हा पुन्हा तीच १३ छोटी विधाने देण्यात आली. गेल्या दोन आठवड्यांत ती आपल्याबाबत खरी होती, कधी कधी खरी होती की नव्हती, एवढेच सांगायचे. एकूण गुण २६. येथे गुण जितके जास्त, तितकी काळजी जास्त. बहुतेक मुलांचे गुण कमीच राहिले. काहींचे बालपणी कमी होते, पण किशोरवयात चढले. थोड्या मुलांचे मात्र दीर्घकाळ चढेच राहिले. म्हणजे दहाव्या वर्षी हसणारे मूल पंधराव्या वर्षीही सुखी असेलच, असे नाही.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचाही असाच अभ्यास झाला. २६ व्या वर्षी ज्यांना मानसिक विकार होता, त्यांपैकी सुमारे निम्म्यांना वयाच्या १५ वर्षांपूर्वीच कोणता ना कोणता विकार जडलेला होता. मुलींमध्ये नैराश्याचे प्रमाण मुलांपेक्षा वाढते, तेही तेराव्या वर्षानंतर.

आता कारण. ते एकच नसते. आनुवंशिकता, घरातील आजारपण, गरिबी, जवळच्याचा मृत्यू यांचा वाटा असतो. अपमानाचाही असतो. ब्रिस्टलच्या अभ्यासात तेराव्या वर्षी ज्यांना सोबत्यांनी वारंवार छळले, त्यांपैकी १४.८ टक्के अठराव्या वर्षी नैराश्यग्रस्त आढळले. ज्यांना छळ सोसावा लागला नाही, त्यांच्यात हे प्रमाण ५.५ टक्के होते. घरची परिस्थिती व आधीच्या अडचणी हिशेबात धरूनही फरक टिकला. छळ सोसणाऱ्या बऱ्याच मुलांनी शिक्षकांना किंवा घरच्यांना काहीच सांगितले नव्हते. आपल्या कित्येक मुलांना आडनावावरून, वस्तीवरून हिणवले जाते. त्यांतली किती घरी येऊन सांगतात?

हे दुःख दूर होऊ शकते. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या औषधांनी अनेक मुले बरी होतात. अंगारे-धुपारे, मारझोड किंवा ‘लग्न लावून द्या, ठीक होईल’ हे उपाय नव्हेत.

मार्ग आपल्या हातचा आहे. आईवडिलांनी निकालाच्या दिवशीच नव्हे, तर अधूनमधून मुलाजवळ बसून ‘शाळेत कोणी त्रास देते का?’ असे विचारावे व न रागावता ऐकावे. विहारात नियमित येणारे मूल दिसेनासे झाले, तर कार्यकर्त्यांनी घरी जाऊन चौकशी करावी. शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेल्यांशी संपर्क ठेवावा. जगणे नकोसे वाटते का, असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. तसे उत्तर आले, तर मुलाला एकटे सोडू नये, ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला देते.

आपण मुलांचे गुण दरवर्षी मोजतो. त्यांच्या मनाचीही दरवर्षी विचारपूस व्हावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!