हवेतील धातूंची रोजनिशी

शिसे हा धातू आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. कोळ्याच्या जाळ्याला पाण्याच्या तळाशी नेणारे वजन शिशाचे असते, मोटारीच्या बॅटरीतील पट्ट्या शिशाच्या असतात आणि जुन्या छापखान्यांतील खिळे शिशाच्याच मिश्रधातूचे ओतीत असत. असा जड पदार्थ हवेत तरंगत असेल, अशी शंकाही आपल्या मनात सहसा येत नाही. परंतु तो तरंगतो, आणि श्वासाबरोबर आपल्या शरीरातही शिरतो. त्याचे प्रमाण कसे मोजतात आणि ते वर्षानुवर्षे का मोजावे लागते, याचा आपण येथे विचार करू.

प्रथम हा जड धातू हवेत राहतो कसा, ते पाहू. धातू वितळविण्याच्या भट्टीत किंवा कोळसा व तेल यांच्या ज्वलनात धातूची वाफ होते. ती थंड होताना तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते. यांपैकी पुष्कळसे कण १ मायक्रॉनहूनही लहान असतात. कणाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचे वजन हजारपट कमी होते, पण हवेचा विरोध मात्र त्या मानाने फारच थोडा घटतो. म्हणून असे कण दिवसेंदिवस खाली बसत नाहीत व वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर दूर जातात. शिसे, कॅडमियम व निकेल हे यांतील प्रमुख होत. सोमल धातू व अधातू यांच्या सीमेवरचा असला, तरी त्याची गणनाही यांच्यातच करतात.

धातू हे मूलद्रव्य आहे. पालापाचोळा कुजतो, तसा तो कुजून नाहीसा होत नाही. आज हवेत असलेले शिसे उद्या जमिनीत, पाण्यात आणि अन्नात उतरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्यापासून अपाय होतो, आणि तोही बाहेरून काही लक्षण न दिसता. शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

आता मोजण्याची रीत पाहू. एक यंत्र पंपाने हवा ओढून काचेच्या सूक्ष्म तंतूंच्या गाळणकागदातून चोवीस तास सोडते. या अवधीत सुमारे १,६०० घनमीटर हवा गाळली जाते. कागदावर बसलेली धूळ आम्लात विरघळवून तो द्राव अतितप्त ज्वालेत फवारतात. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू विशिष्ट तरंगलांबीचाच प्रकाश शोषून घेतात. किती प्रकाश शोषला गेला, यावरून धातूचे प्रमाण निघते. भारतात २००९ साली ठरलेल्या मानकांप्रमाणे शिशाची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी. निकेलची मर्यादा २० व सोमलाची ६ नॅनोग्रॅम आहे. शिशाचे प्रमाण बरोबर मर्यादेइतके असेल, तर एका दिवसाच्या कागदावर केवळ ८०० मायक्रोग्रॅम शिसे सापडेल. म्हणजे एक मिलिग्रॅमही नाही!

परंतु एका दिवसाच्या मोजणीने काय कळणार? श्रावणातील सरीनंतरची धुतलेली हवा वेगळी आणि दिवाळीच्या रात्रीची वेगळी. म्हणून एका ठिकाणी आठवड्यातून दोनदा, वर्षातून किमान १०४ वेळा मोजणी करून सरासरी काढावी, असा आपल्याकडे दंडक आहे. जागा व रीत तीच ठेवून हे काम वर्षानुवर्षे चालावे लागते, तरच प्रमाण वाढते आहे की घटते आहे ते सांगता येते.

या चिकाटीचे मोल शिशाच्या इतिहासावरून पटते. इंजिनाचा ठोका थांबविणारे शिशाचे एक संयुग १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांनी शोधले, आणि १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये मिसळले जाऊ लागले. पुढे क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञाने उल्केतील शिशावरून पृथ्वीचे वय ठरविले. ते अनुमान १९५६ साली प्रसिद्ध झाले. या कामात त्यांना एक अडचण सारखी भेडसावत होती. प्रयोगशाळेची हवा, भांडी, हात, जिकडे पाहावे तिकडे बाहेरचे शिसे! ते आले कोठून, याचा त्यांनी पाठपुरावा केला. ग्रीनलंडमध्ये दरवर्षी पडणारे हिम थरावर थर साचून त्या त्या काळची धूळ जपून ठेवते. ती जणू निसर्गाची रोजनिशीच होय. १९६९ साली पॅटरसन व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, इ. स. पूर्व ८०० च्या सुमारास पडलेल्या हिमाच्या मानाने १९६५ च्या हिमातील शिसे दोनशे पटींहून अधिक आहे, व सर्वांत मोठी वाढ १९४० नंतरची आहे.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेने पेट्रोलमधील शिसे कमी करण्यास आरंभ केला. हवेतील शिसे नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे तेथील दीर्घकालीन नोंदींवरून सिद्ध झाले. भारतात १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० साली ते देशभर लागू झाले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा अखेरचा देश अल्जीरिया. तेथील विक्री २०२१ साली थांबली.

तरीही हे कार्य संपलेले नाही. जुन्या बॅटऱ्या गुपचूप वितळविणाऱ्या भट्ट्या आहेत, कोळसा जळतोच आहे. युरोपात तर शेवाळाचीही साक्ष काढतात. शेवाळाला खरी मुळे नसल्यामुळे ते आपले पोषण मुख्यतः हवा व पाऊस यांतून घेते. म्हणून १९९० पासून दर पाच वर्षांनी अनेक देशांत ते गोळा करून त्यातील धातू मोजतात.

आकडा खाली आला म्हणून मोजणे थांबविले, तर तो पुन्हा केव्हा वर चढला हे कोणास कळणार? विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेत पर्जन्यमापक असेल, तर त्याची नोंद एक दिवसही न चुकविता ठेवून पाहा. पहिल्या वर्षी ती वही कोरड्या आकड्यांची वाटेल. दहाव्या वर्षी तीच आपल्या गावच्या पावसाविषयी बोलू लागेल.