टीपकागदावरचा रक्ताचा ठिपका किती खरं सांगतो?

शाईचा डाग टिपणारा टीपकागद आठवतो ना? तसल्याच जाड कागदावर रक्ताचे ठिपके वाळवून एचआयव्हीचा व्हायरल लोड मोजतात. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत ते.

नेहमीची पद्धत प्लाझ्माची. त्यासाठी रक्त यंत्रात फिरवून प्लाझ्मा वेगळा काढायचा, थंड ठेवायचा. आफ्रिकेतल्या आडगावच्या दवाखान्यात ही सोय कुठून असणार? वाळलेला ठिपका मात्र पाकिटातून जातो.

मग अचूकतेचं काय? एका ठिपक्यात जेमतेम ५० ते ७० मायक्रोलिटर रक्त मावतं. नमुनाच एवढासा, त्यामुळे विषाणू थोडे असले तर निसटतात. आणि गंमत बघा, उलटंही होतं! ठिपक्यात रक्तपेशीही असतात. त्यांच्यात दडलेला विषाणूचा डीएनए काही चाचण्या मोजून टाकतात आणि आकडा फुगतो. (बाळांच्या निदानात हाच डीएनए कामाला येतो. आपल्याकडेही एचआयव्ही असलेल्या आईच्या १८ महिन्यांखालच्या बाळाला अशाच ठिपक्यांवरून तपासतात.)

जागतिक आरोग्य संघटनेने उपचार फसल्याची रेषा १००० प्रतींवर धरली आहे. ५०,००० प्रती असतील तर ठिपका ते ठणकावून सांगतो. २०० असतील तर त्याच्यावर विसंबता येत नाही. रेषेच्या आसपासचा आकडा सगळ्यात अवघड, कारण फुगलेल्या आकड्यापायी एखाद्या मुलाचं चांगलं लागू पडलेलं औषध बदललं जाऊ शकतं. म्हणून बहुतेक वेळा आधी गोळ्या रोज घेतल्या जातात का ते बघतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात.