राब भाजण्यापूर्वी हद्द पाहा

उन्हाळा आला की ठाणे जिल्ह्यात दाढीच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा आणि गवत यांचे थर पसरून वर माती टाकली जाते व राब भाजला जातो. एका शिबिरात कल्याणजवळच्या गावातील एका शेतकऱ्याने विचारले, "राब भाजायचा परवाना कुठे मिळतो?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर जमीन कोणाच्या हद्दीत आहे त्यावर अवलंबून आहे.

हा प्रश्न जुनाच आहे. राबासाठी कवळ तोडण्यावरील निर्बंधांमुळे एवढा असंतोष माजला होता की, 1885 मध्ये इंग्रज सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. आता वनखात्याच्या जोडीला महापालिकाही आली आहे.

कल्याण-डोंबिवलीतील 27 गावांचेच पाहा. 1983 मध्ये महापालिका झाली तेव्हा ही गावे आत होती, 2002 मध्ये ती वगळली गेली आणि 2015 मध्ये पुन्हा घेतली गेली. 2020 मध्ये त्यांपैकी 18 गावे वगळण्याचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयाने रद्द केला. शेत जागचे हलले नाही, नियम मात्र बदलत गेले. म्हणून आपले गाव आज कोठे मोडते याची खात्री आधी करावी. सातबाऱ्यावरील इतर हक्कांत वनाची नोंद आहे का, तेही पाहून घ्यावे.

महापालिका हद्दीत कचरा जाळण्याचा परवाना मिळेल या भरवशावर राहू नये. 2016 च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर व सार्वजनिक जागेत कचरा जाळण्यास मनाई केली आणि बागेतील पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा साठवण्यास सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास पूर्ण बंदी घातली. साध्या प्रकारास 5,000 रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरविली. "राब म्हणजे कचरा नव्हे" असे आपण म्हणाल, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्यात खताची रिकामी पोती, जुने प्लॅस्टिक किंवा घरचा केर टाकला की हा युक्तिवाद संपला. शिवाय शेजारी इमारती असतील तर धुराची तक्रार होणारच. कवळासाठी झाड छाटायचे असल्यास शहरी हद्दीत 1975 च्या वृक्ष कायद्याचाही विचार करावा लागतो. आधी वृक्ष अधिकाऱ्यास विचारावे.

दिल्लीच्या बातम्यांतील पेंढा जाळण्याचे एकरानुसार दंड आपल्याकडील नव्हेत, ते राजधानी परिसर व लगतच्या भागासाठी आहेत. पण म्हणून आपण मोकळे आहोत असे नाही. आगीबाबत निष्काळजीपणा करून इतरांच्या जिवाला धोका निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मुरबाड-शहापूरकडे खरा धोका जंगलाचा. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे राखीव वनाला धोका होईल अशी आग पेटविणे किंवा पेटती सोडून जाणे हा गुन्हा आहे. आग जाणूनबुजून वा घोर बेफिकिरीने लागली असे ठरल्यास त्या वनातील गुरे चारण्याचे व वनोपजाचे हक्क सरकार स्थगित करू शकते. म्हणजे चूक एकाची आणि गुरे साऱ्या गावाची अडतात. राब भाजायचाच असेल तर वनरक्षकास आगाऊ कळवावे, भोवतीचे गवत काढून मातीचा रुंद पट्टा मोकळा करावा, वारा पडलेला असताना पहाटे पेटवावे, पाण्याचे पिंप जवळ ठेवावे आणि निखारे विझेपर्यंत जागा सोडू नये.

माझे मत विचाराल तर शहरी हद्दीत तरी राब सोडावा. राबाने तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते व पालाश मिळते, हे खरे. पण शेणातील नत्र धुरावाटे जाते. त्याऐवजी एक मीटर रुंदीचे गादीवाफे करावेत. गुंठ्यास 250 किलो कुजलेले शेणखत, 1 किलो युरिया व 3 किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावे. चारसूत्री पद्धतीत सांगितल्याप्रमाणे भाताच्या तुसाची काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो द्यावी. ती भातगिरणीच्या भट्टीतून मिळते. तिच्यातून सिलिका व पालाश मिळते आणि रोपे ताठ होतात.

राहिला प्रश्न तणांचा. एप्रिल-मेमध्ये वाफे ओलवून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवावे, कडा मातीने दाबाव्यात व चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. उन्हाच्या उष्णतेने वरच्या थरातील बरेचसे तणबी मरते. नंतर माती खोल उकरू नये, अन्यथा खालचे बी वर येते. कवळ व पातेरा जाळण्याऐवजी खड्ड्यात शेणकाल्यासह कुजवला तर पुढच्या हंगामाचे खत घरचेच होते. सुरुवातीला सगळी दाढ बदलू नका. एका गुंठ्यावर करून पाहा, रोपे शेजारच्या राबावरील रोपांशी ताडून पाहा आणि पंधरा दिवसांनी उरलेला 1 किलो युरिया देण्यास विसरू नका.