सुईनंतरचा ताप

अगं, दीड महिन्याची सुई टोचून आणली, बाळाचं अंग तापलं आणि घरात लगेच 'पुढची नकोच' सुरू झालं ना? तुझंही मन डळमळलंय, म्हणून सांगते.

हा ताप म्हणजे आजार नव्हे. त्या पेंटाव्हॅलंटमध्ये डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू असतात. पांढऱ्या पेशी त्यांना परकं म्हणून ओळखतात, मेंदूपर्यंत निरोप जातो आणि तो मुद्दाम अंग तापवतो. एक-दोन दिवसांत उतरतो बहुतेक. डॉक्टरांनी वजन बघून सांगितलं असेल तेवढंच पॅरासिटामॉल दे, दुपट्यांत गुंडाळू नकोस, पाजत राहा. मात्र बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं किंवा ताप हटेना, तर मला फोन करत बसू नकोस; तडक दवाखाना गाठ.

खरं काम ताप उतरल्यावरही चालूच असतं. पहिल्या डोसनंतर प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि होतात तीही बेताचीच. पण काही पेशी तो जंतू ध्यानात ठेवून मागे राहतात आणि पुढच्या डोसला झपाट्यानं कामाला लागतात. अडीच नि साडेतीन महिन्यांच्या सुया त्यासाठीच. आत्ता थांबलीस तर लेकरानं सोसलेलं अर्धं वायाच.

ही आठवण टिकते तरी किती? १८४६मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथं गेला होता. त्याआधीची साथ १७८१ची. तेव्हा गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना ६५ वर्षांनीही तो पुन्हा झाला नाही!

आता कुणी म्हणेल, मग होऊ दे की गोवर, सगळ्यांनाच होतो. मुळीच ऐकू नकोस. गोवर इतर रोगांविरुद्ध शरीरानं कमावलेली आठवणही बरीचशी पुसून टाकतो. पोर त्यातून उठलं तरी पुढं कितीतरी दिवस न्यूमोनिया, जुलाब मागे लागतात.

त्याची लस नवव्या महिन्यात, कारण तुझ्याकडून नाळेतून गेलेली प्रतिपिंडं अंगात असतात तोवर ती नीट लागू पडत नाही. ती हळूहळू ओसरतात. तोवर अंगावरचं दूध आहेच, त्यातूनही आतड्याला संरक्षण मिळतं. आणि हो, गुटीबिटी सहा महिने काही नको. आत्याबाई रागावल्या तर माझं नाव सांग.