नाझींच्या बाजूने ज्यू वकील

प्रश्न : अमेरिकेत नाझींना मोर्चा काढता यावा म्हणून एक ज्यू वकील कोर्टात भांडला, असं वाचलं. छळछावणीतून वाचलेली माणसं त्याच गावात राहत होती म्हणे. हे खरं आहे का? आणि अशा लोकांना रस्त्यातच चोप देऊन पिटाळलं, तर काय बिघडलं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खरं आहे. गाव स्कोकी, शिकागोला उत्तरेकडून खेटून असलेलं. वर्ष १९७७. सुमारे ७०,००० वस्ती, त्यात निम्म्याहून अधिक ज्यू, आणि त्यांतले हजारो जण हिटलरच्या युरोपातून जिवंत सुटलेले. फ्रँक कॉलिन नावाच्या म्होरक्याचा मूठभर माणसांचा नाझी पक्ष होता. त्याचा अड्डा शिकागोच्या मार्केट पार्क भागात. तिथल्या उद्यानात सभा घ्यायची तर आधी अडीच लाख डॉलरचा विमा उतरवा, अशी अट उद्यान खात्याने घातली. तेव्हा त्याने मोर्चा स्कोकीकडे वळवला. स्कोकीने साडेतीन लाखांचा विमा मागितला, गणवेश आणि नाझी स्वस्तिक यांवर बंदी घातली.

कॉलिनच्या बाजूने उभी राहिली अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन. तिचे वकील डेव्हिड गोल्डबर्गर ज्यू. संस्थेचे प्रमुख आर्ये नायर १९३७ साली बर्लिनमध्ये जन्मलेले, लहानपणी घरच्यांसोबत तिथून पळालेले. नात्यातली कितीतरी माणसं नाझींनी मारलेली. कॉलिन काय चीज आहे, हे या दोघांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. संस्थेच्या हजारो सभासदांनी राजीनामे दिले, वर्गणी आटली. तरी त्यांनी खटला सोडला नाही.

का, याचं उत्तर चौदा वर्षं मागे, अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये सापडतं. १९६३ साली तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्च्यांना शहराने परवाना नाकारला, कोर्टातून मनाई हुकूम आणला, आणि तो मोडला म्हणून किंग यांना तुरुंगात टाकलं. कारण काय दिलं? शांतता भंगेल, लोक चिडतील. स्कोकीने कॉलिनविरुद्ध उपसलेली हत्यारं हीच होती. गोरे अधिकारी ती काळ्या मोर्चेकऱ्यांवर चालवत, तेव्हा युनियनचे वकील ती कोर्टात बोथट करत आले होते. नाझींसाठी अपवाद केला असता, तर पुढच्या बर्मिंगहॅममध्ये कोणत्या तोंडाने उभे राहणार होते?

सत्तेच्या हाती अशी हत्यारं दिली की ती कुणावर चालतात, याचं पालघर हे तर आपल्या घरचं उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. त्यांतल्या एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. त्या अटकेत वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. चर्चा आणि पुरस्कार यांना मोकळीक, चिथावणीला मात्र आडकाठी, अशी रेघ त्या निकालात आखली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या एका पुढाऱ्याच्या खटल्यात जवळपास तीच रेघ आखली होती : बोलण्यातून तत्काळ हिंसा घडवायचा हेतू असेल आणि ती घडण्याचा संभव असेल, तरच शिक्षा.

स्कोकीत पुढे काय झालं? कोर्टांनी परवानगी दिली. दरम्यान मार्केट पार्कमधली विम्याची अट उठली आणि कॉलिनने जून १९७८ मधला स्कोकीचा मोर्चा स्वतःच रद्द केला. शिकागोत त्याची सभा झाली तेव्हा वीसेक नाझी होते, आणि विरोधाला हजारो लोक. छळछावण्यांतून वाचलेल्यांनी मात्र त्यानंतर गप्प बसणं सोडलं. शाळाशाळांतून आपबीती सांगू लागले. २००९ मध्ये स्कोकीतच इलिनॉय होलोकॉस्ट म्युझियम उघडलं. यातून त्यांची वेदना भरून आली असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दारात तो गणवेश येणार, ही नुसती कल्पनाही क्रूर होती, आणि जर्मनीने आपल्याकडे असल्या चिन्हांवर बंदी ठेवली आहे, ती का, हे मला पूर्ण कळतं.

आता चोप देण्याचं. लोक लंडनच्या केबल स्ट्रीटचं उदाहरण देतात. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी ईस्ट एंडच्या रहिवाशांनी रस्ते अडवले आणि फॅसिस्ट पुढारी मोस्ली याच्या माणसांना परतावं लागलं. मला त्या लोकांबद्दल आदर आहे. पण आठवड्याभरातच फॅसिस्ट पोरांनी माइल एंड रोडवर ज्यूंची दुकानं फोडली, आणि १९३७ च्या लंडन काउंटी निवडणुकीत बेथनल ग्रीनमध्ये मोस्लीच्या पक्षाने सुमारे २३ टक्के मतं घेतली.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं : ग्रीन्सबरो, नॉर्थ कॅरोलायना, ३ नोव्हेंबर १९७९. डाव्या कार्यकर्त्यांच्या क्लॅनविरोधी मोर्च्यावर क्लॅन आणि नाझी मोटारींतून चालून आले. पोलीस जागेवर नव्हते. मोर्चेकऱ्यांपैकी काहींनी गाड्यांवर काठ्या हाणल्या. मग गोळीबार झाला, पाच मोर्चेकरी मेले. कोर्टात आरोपींनी स्वसंरक्षणाचा दावा केला आणि दोन खटल्यांत गोऱ्या ज्युरींनी त्यांना निर्दोष सोडलं. त्या काठ्यांनी कुणाचा जीव वाचला नाही. मारेकऱ्यांच्या वकिलांना मात्र त्या आयत्या सापडल्या.

म्हणून माझं मत सरळ आहे. कुणी अंगावर आला, तर स्वतःला आणि शेजाऱ्याला वाचवायला बळ वापरायचं, तेवढ्यापुरतं. तोंड उघडलं म्हणून हात उचलायचा नाही. मधे उभं राहणं हे पोलिसांचं काम. १२ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात पोलिसांनी ते केलं नाही, दोन्ही बाजूंच्या मारामाऱ्या बघत राहिले, असं स्वतंत्र चौकशीत म्हटलं आहे. त्याच दिवशी एका नाझीभक्ताने गर्दीत मोटार घालून एका तरुणीला ठार केलं. या मेळाव्याच्या आयोजकाचा खटलाही युनियननेच लढवला होता. नंतर संस्थेने ठरवलं, बंदुका घेऊन मोर्चा काढणाऱ्यांची बाजू घ्यायची नाही. मला ही दुरुस्ती योग्य वाटते. हातात बंदूक असली की ते नुसतं बोलणं राहत नाही.

तुमच्या गावात असं कुणी आलं, तर जर्मनीतल्या वुन्सीडलकडे पाहा. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथे नाझींचा वार्षिक मोर्चा निघाला. तो चालेल त्या प्रत्येक मीटरमागे १० युरो, असा निधी गावाने आधीच उभा केला होता. मोर्चा संपला तेव्हा सुमारे १०,००० युरो जमा झाले होते, आणि ते गेले नाझी टोळ्यांतून बाहेर पडू पाहणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेकडे.