सहाव्या वर्षीची दाढ आणि डॉ. एडवर्ड अँगल



मागच्या आठवड्यात तिसरीच्या वर्गात मुलांना आरशात बघून दात मोजायला लावले. एक मुलगी तोंड उघडेचना. समजावल्यावर उघडलं, तर खालची मागची दाढ किडलेली. आईला बोलावलं. ती म्हणाली, "मॅडम, दुधाची दाढ आहे, पडून जाईल."

ती दुधाची नव्हती. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. दात पडत नाही म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही.

याच दाढेवर डॉ. एडवर्ड अँगल यांनी दात सरळ करण्याचं शास्त्र उभं केलं. त्यांचा जन्म १८५५ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. त्याआधीही वेडेवाकडे दात सरळ करायचे, पण जो तो आपल्या अंदाजाने. १८९९ मध्ये अँगलनी वर्गवारी मांडली. वरची आणि खालची पहिली दाढ एकमेकींवर नीट बसते का? नीट बसूनही बाकी दात वाकडे, तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा, पुढे गेली तर तिसरा. किती सोपं! आजही डॉक्टर हीच भाषा बोलतात. १९०० मध्ये त्यांनी सेंट लुईसला या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. आज मुलांच्या दातांवर चिकटवलेल्या खाचेच्या ब्रॅकेटमधून तार जाते ना, तिचं मूळही त्यांच्या १९२० च्या दशकातल्या रचनेत आहे.

माणूस मात्र हट्टी. जागेसाठी चांगला दात काढायला त्यांचा ठाम विरोध होता. १९३० मध्ये ते वारले. पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी काही रुग्णांचे दात काढून उपचार केले आणि ते टिकतात हे दाखवलं. गुरूचं सगळंच बरोबर असतं असं नाही, हे मला आवडलं.

आपल्याकडे मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. या विषयातल्या डॉक्टरांची भारतीय संघटना १९६५ ची. आपल्याला जवळचं शासकीय दंत महाविद्यालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं. पण सोयगावहून जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. त्या आईची अडचण तीच होती.

तरी सोमवारी दोघी जाऊन आल्या. दाढ वाचली, आत सिमेंट भरलंय. आता ती वर्गातल्या सगळ्यांना तोंड उघडून दाखवते.


पालकहो, आज रात्री बॅटरी लावून आपल्या मुलाची मागून पहिली दाढ बघा.