महाद्वारात कुठलं दुकान उघडायचं, हे कोण ठरवतं?

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

फर्स्ट इयरला मिनी ड्राफ्टर शोधत मी पार महाद्वारापर्यंत गेले. बघावं तिकडे बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे, टाळ आणि विठोबाच्या तसबिरी. ड्राफ्टर शेवटी स्टेशन रोडला मिळाला. हॉस्टेलवर येऊन म्हटलं, "एवढी गर्दी, आणि दुकानं सगळी सारखीच! या लोकांना दुसरं काही सुचत नाही का?" रूममेट गप्प बसली. तिच्या वडिलांचा तिथेच माळांचा गाडा आहे, हे मला नंतर कळलं. सॉरी म्हटलं आणि विचार करायला लागले.

वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ साली मांडलं, की कुठलंही दुकान टिकायला ठरावीक किमान गिऱ्हाईक लागतं. पण नुसती डोकी मोजून भागत नाही, खिसेही मोजावे लागतात. समजा, ५०० जणांनी २० रुपये खर्च केले, तर झाले १०,०००. ५ जणांनी २,००० खर्च केले, तरी १०,०००च. गल्ला सारखा, पण पहिल्या जागी बुक्क्याचं दुकान उघडेल, दुसऱ्या जागी घड्याळांचं.

वारीला येणारे बरेचसे कोरडवाहू शेतकरी आणि शेतमजूर. त्यांना वस्तू हवी स्वस्त, पिशवीत मावणारी, गावापर्यंत टिकणारी आणि आळीत थोडी थोडी वाटता येणारी. चुरमुरे या परीक्षेत डिस्टिंक्शनने पास!

आता विकणाऱ्याचं बघा. भांडवल थोडं असलं की माणूस नवा प्रयोग करत नाही. शेजाऱ्याचा जो माल खपतो तोच ठेवतो. म्हणजे गरिबी काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी असते.

त्यात मोठी कमाई आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांची. २०२० आणि २०२१ साली मानाच्या पालख्या एसटीने आल्या, गर्दी नव्हतीच. तेव्हा रूममेटच्या वडिलांनी त्याच गाड्यावर भाजी विकली. तिची फी आजही आषाढी झाल्यावरच भरली जाते.

मंदिर परिसरातल्या कॉरिडॉरची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. रस्ते रुंद हवेतच, चेंगराचेंगरी कुणालाच नको. पण सिव्हिलवाल्यांनो, उद्या असे प्लॅन तुम्हीच काढणार. नव्या गाळ्याचं भाडं ठरेल तेव्हा ते २० रुपयांचं गिऱ्हाईक आठवा. भाडं वाढलं तर चुरमुऱ्यांचं दुकान उठेल. वारकऱ्याचा खिसा मात्र तेवढाच राहील.